वेलनेसची रक्कम आधी कशावर खर्च करावी? एका कारखाना-डॉक्टरचे उत्तर

आपल्या प्रश्नाचा गोषवारा आधी मांडते, म्हणजे हे उत्तर कशाला दिले आहे ते इतर वाचकांनाही कळेल. चाकणच्या औद्योगिक वसाहतीत वाहनांचे सुटे भाग बनवणारा आपला कारखाना आहे. प्रेस शॉप (जिथे यंत्राने पत्रा दाबून भाग बनवतात), मशीन शॉप, असेंब्ली आणि पॅकिंग मिळून सुमारे साडेतीनशे माणसे, त्यांत निम्म्याहून अधिक कंत्राटी कामगार आणि ट्रेनी, आणि काम तीन पाळ्यांत. गेल्या वर्षीच्या आरोग्य शिबिरात बऱ्याच जणांचा रक्तदाब आणि साखर वाढलेली निघाली, म्हणून व्यवस्थापनाने यंदा ‘वेलनेस’साठी वेगळी रक्कम मंजूर केली आहे. एका कंपनीने पावले मोजणारे ॲप, दरमहा एक वेबिनार, योगदिनाचा कार्यक्रम आणि विजेत्यांना बक्षिसे असा प्रस्ताव दिला आहे. हा प्रस्ताव घ्यावा का, सुरुवात कुठून करावी, तपासणीला घाबरणाऱ्या कामगारांचे काय करावे आणि वर्षाअखेरीस संचालकांना फायदा कसा दाखवावा, असे आपले चार प्रश्न आहेत.

माझ्या मते खरा प्रश्न पाचवाच आहे. गेल्या वर्षी ज्यांचा रक्तदाब वाढलेला निघाला, त्यांचे पुढे काय झाले? त्यांतले किती जण डॉक्टरांकडे गेले, कितींनी गोळी सुरू केली, कितींनी दोन महिन्यांनी ती बंद केली आणि आज कितींचा दाब आटोक्यात आहे? आपल्या प्रश्नात याचा उल्लेख नाही. हा आपला दोष नव्हे, कारण बहुतेक कारखान्यांत शिबिर संपले की अहवालांची फाइल कपाटात जाते आणि पुढच्या वर्षी तीच माणसे, तेच आकडे नव्या फाइलमध्ये येतात. तपासणी हा कार्यक्रम नसून कार्यक्रमाची पहिली पायरी आहे. मंजूर झालेल्या रकमेतला मोठा भाग तपासणीनंतरच्या पाठपुराव्यावर आणि आजार वाढवणाऱ्या कामाच्या दुरुस्तीवर खर्च व्हावा, असे माझे स्पष्ट मत आहे, आणि पुढचे सारे उत्तर त्याच मताच्या समर्थनार्थ आहे.

काही गोष्टी मात्र आपल्या परिस्थितीवर अवलंबून आहेत. आपल्याकडे प्लेटिंग, पेंट बूथ, शॉट ब्लास्टिंग किंवा वेल्डिंग असेल, तर त्या विभागांच्या कायद्याने ठरवून दिलेल्या तपासण्या आणि तिथली हवा खेचून घेणारी यंत्रणा यांना सर्वांत आधी पैसे लागतील, आणि ते ‘वेलनेस’च्या खात्यातून नव्हे तर उत्पादनखर्चातून यावेत. आपले बहुतेक कामगार ईएसआयमध्ये, म्हणजे कर्मचारी राज्य विमा योजनेत, आहेत की मेडिक्लेममध्ये, यावर उपचाराचा मार्ग ठरेल. ईएसआयची वेतनमर्यादा २०१७ पासून दरमहा २१,००० रुपये आहे, त्यामुळे एकाच लाइनवरचे दोन शेजारी वेगवेगळ्या व्यवस्थेत असू शकतात. डॉक्टर रोज येतात की आठवड्यातून दोनदा, तेही महत्त्वाचे आहे. उत्पादन विभागाचा प्रमुख आपल्या बाजूचा असेल, तर निम्मे काम सोपे होते. नसेल, तर पहिले तीन महिने त्यालाच पटवण्यात जातील असे धरून चाला.

आता ॲपविषयी. आपल्या प्रेस शॉपमधला ऑपरेटर आठ तास उभा असतो, मटेरियल हँडलिंगवरचा मुलगा पाळीभर ट्रॉली ढकलतो, आणि लाइनवर मोबाइल नेण्यास बहुधा बंदी असते. त्यांची पावले मोजणे म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. बक्षिसे कोणाला मिळतील तेही आधीच सांगता येते: कार्यालयातले तरुण, जे मुळातच संध्याकाळी पळायला जातात. हे केवळ माझे निरीक्षण नाही. अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठाने २०१६ मध्ये स्वतःच्याच जवळपास पाच हजार कर्मचाऱ्यांवर एक प्रयोग सुरू केला. कोणाला कार्यक्रमात बोलवायचे आणि कोणाला नाही, हे नशिबावर सोडले होते. वैद्यकीय खर्च किंवा गैरहजेरी यांत लक्षणीय फरक पडला नाही; मात्र बोलावलेल्यांपैकी ज्यांनी प्रत्यक्ष भाग घेतला, ते कार्यक्रमाआधीपासूनच कमी वैद्यकीय खर्चाचे आणि बऱ्या सवयींचे होते. म्हणजे भाग घेणारे आणि न घेणारे यांची नुसती तुलना केली असती, तर कार्यक्रमामुळे मोठी बचत झाली असे कागदावर दिसले असते. विक्रेत्यांच्या सादरीकरणात नेमकी हीच तुलना असते. अमेरिकेतल्याच एका घाऊक दुकानसाखळीतल्या १६० ठिकाणच्या सुमारे तेहतीस हजार कर्मचाऱ्यांवरील प्रयोगाचे निष्कर्ष २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले. दीड वर्षानंतर लोक अधिक व्यायाम करतो असे सांगत होते, पण रक्तदाब, वजन, कोलेस्टेरॉल, गैरहजेरी आणि खर्च यांत ठोस फरक नव्हता.

म्हणून ॲप निरुपयोगी आहे असे नाही. दिवसभर खुर्चीत बसणाऱ्या आपल्या कार्यालयीन लोकांसाठी ते चालेल. योगदिनही होऊ द्या. २१ जूनला सर्वांनी तासभर एकत्र येण्यात वाईट काही नाही, फक्त त्याला आरोग्य कार्यक्रम म्हणू नये.

सुरुवात शिबिराच्या दर्जापासून करा, कारण चुकीच्या आकड्यांवर पाठपुरावाही चुकीचाच होतो. शिबिराची गाडी सकाळी नऊला येते आणि दुपारी चारपर्यंत तीनशे माणसे उरकते. दुसऱ्या पाळीचा माणूस घरून जेवून येतो आणि त्याच्या रक्ताला ‘उपाशीपोटी’ची मोजपट्टी लागते, रात्रपाळी संपवून थांबलेल्याने पहाटे चारला चहा-बिस्किटे घेतलेली असतात. अशा ठिकाणी उपाशीपोटीच्या साखरेऐवजी गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी दाखवणारी एचबीए१सी तपासणी चाळिशीपुढच्यांसाठी आणि जोखीम असलेल्यांसाठी घ्यावी. ती महाग असते, पण निरुपयोगी स्वस्त तपासणीपेक्षा परवडते. रक्तदाबाचेही तसेच आहे. रांगेत उभा राहून, तंबाखूची गोळी नुकतीच थुंकून, सुपरवायझर ‘लवकर ये’ म्हणत असताना खुर्चीत टेकलेल्या माणसाचा दाब वाढलेला निघाला, तर नवल ते काय. पाच मिनिटे बसवून, दंडाला टेकू देऊन, दोनदा मोजावा आणि वाढलेला दिसला तर दुसऱ्या दिवशी पुन्हा बोलवावे; एकाच वाचनावर कोणालाही रुग्ण ठरवू नये.

श्रवणचाचणी हा तर बहुतेक शिबिरांतला सर्वांत फसवा भाग आहे. प्रेस शॉपमध्ये चार तास काढून थेट आलेल्या कामगाराचे कान तात्पुरते बधिर झालेले असतात, त्यामुळे त्याच्या आलेखातून कायमचे नुकसान किती आणि त्या दिवशीचा थकवा किती हे कळतच नाही. किमान चौदा ते सोळा तास गोंगाटापासून दूर राहिल्यानंतर, म्हणजे व्यवहारात साप्ताहिक सुटीनंतर पाळी सुरू होण्यापूर्वी, आणि शक्यतो ध्वनिरोधक कक्षात ही चाचणी घ्यावी. आलेखात ४,००० हर्ट्झच्या आसपास खड्डा पडू लागला की गोंगाटाने कान जाऊ लागले आहेत असे आम्ही समजतो. त्या टप्प्यावर कामगाराला बोलणे नीट ऐकू येत असते, म्हणून तो तक्रार करत नाही. तक्रार येते तेव्हा गेलेले परत मिळवण्याची वेळ टळलेली असते. गोंगाटामुळे येणारे बहिरेपण हे १९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या तिसऱ्या अनुसूचीतील सूचनापात्र, म्हणजे सरकारला कळवाव्या लागणाऱ्या, आजारांपैकी एक होते, हेही आपल्या व्यवस्थापनाला सांगून ठेवा. इअरप्लगची खोकी वाटणे हा शेवटचा उपाय आहे. आधी धातूच्या चिप्स, म्हणजे बारीक कातरण, उडवायला वापरतात त्या एअर गनला कमी आवाजाची नोझल बसवा, सैल झालेली पत्र्याची आवरणे आवळा आणि तयार भाग लोखंडी पेटीत पडतो तिथे रबराचा पत्रा घाला. ही कामे देखभाल विभाग आठवड्याभरात करू शकतो.

आता पाठपुरावा. ज्यांचा दाब किंवा साखर पक्की वाढलेली ठरली, त्यांची स्वतंत्र नोंदवही ओएचसीत, म्हणजे कारखान्याच्या दवाखान्यात, डॉक्टरांच्या ताब्यात ठेवा आणि प्रत्येकाला महिन्यातून एकदा कामाच्या वेळेतच बोलवा. ‘कामाच्या वेळेतच’ या शब्दांवर माझा भर आहे. पाळी सुटल्यावर बस धरायची असते. बस सुटली तर चाकणहून खेड किंवा तळेगावकडे जायला शेअर रिक्षाचे पैसे पडतात. दहा मिनिटांसाठी लाइनवरून माणूस सोडायचा तर रिलिव्हर, म्हणजे तेवढा वेळ त्याची जागा सांभाळणारा बदली माणूस, लागतो, आणि रिलिव्हर द्यायचा की नाही हे सुपरवायझर ठरवतो. म्हणूनच आरोग्य कार्यक्रमाचा पहिला खर्च मी कित्येकदा प्रत्येक पाळीला एक जादा रिलिव्हर असा सुचवते. तो रिलिव्हर दवाखान्यासाठी जसा लागतो, तसाच पाणी पिण्यासाठी आणि लघवीला जाण्यासाठीही लागतो. असेंब्लीवरच्या महिला लाइन सोडता येत नाही म्हणून पाणीच कमी पितात आणि वारंवार मूत्रमार्गाच्या जंतुसंसर्गाने दवाखान्यात येतात. त्यांना ‘भरपूर पाणी प्या’ असे पत्रक देऊन काय उपयोग?

औषधांच्या वेळांचा मुद्दा फारसा कोणी लक्षात घेत नाही, म्हणून तो जरा सविस्तर सांगते. बाहेरचा डॉक्टर चिठ्ठीवर ‘सकाळी नाश्त्याआधी एक’ असे लिहितो. रात्रपाळीचा कामगार सकाळी साडेसातला घरी पोहोचतो, गोळी घेतो, दोन घास खाऊन किंवा न खाताच झोपतो आणि दुपारी दोनला उठतो. ती गोळी ग्लिमेपिराइडसारखी, म्हणजे पोटात अन्न असो-नसो साखर खाली आणणारी असेल, तर झोपेतच त्याची साखर घसरू शकते. काही जण उलट करतात, रात्री कामावर येण्याआधी गोळी घेतात आणि कॅन्टीनचे जेवण आवडले नाही म्हणून चहावर भागवतात; मग पहाटे तीनच्या सुमारास घाम, थरथर आणि गोंधळलेपण सुरू होते, आणि हा माणूस त्या वेळी प्रेससमोर उभा असतो. यावरचा उपाय साधा आहे. कारखान्याच्या डॉक्टरांनी प्रत्येक मधुमेही कामगाराचे पाळीपत्रक समोर ठेवून त्याच्या उपचार करणाऱ्या डॉक्टरांना चिठ्ठी लिहावी, जेणेकरून गोळी किंवा तिची वेळ पाळीप्रमाणे बदलली जाईल. रात्रपाळीच्या सुपरवायझरला आणि दोन सहकाऱ्यांना साखर घसरल्याची लक्षणे शिकवावीत आणि प्रथमोपचार पेटीत ग्लुकोज पावडर असावी.

पाळ्यांची रचना हाही आरोग्याचाच विषय आहे, जरी ती उत्पादन नियोजनाच्या टेबलावर ठरत असली. पाळी फिरवायची असेल तर पहिली, मग दुसरी, मग रात्रपाळी अशी पुढच्या दिशेने फिरवावी; रात्रीवरून दुसरीवर आणि दुसरीवरून पहिलीवर असे उलटे फिरवले, तर दोन पाळ्यांमधली विश्रांती तुटते आणि झोप बसत नाही. डबल ड्यूटीबद्दल मी अधिक कडक आहे. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांनी २०२१ मध्ये मांडलेल्या एकत्रित अंदाजानुसार, आठवड्याला ५५ तास किंवा अधिक काम करणाऱ्यांमध्ये ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांच्या तुलनेत पक्षाघाताचा धोका सुमारे ३५ टक्के आणि हृदयविकाराने मृत्यूचा धोका सुमारे १७ टक्के अधिक आहे. सहा दिवस बारा-बारा तास म्हणजे ७२ तास होतात. शिवाय बारा तासांत कानांवर पडणारा गोंगाटही वाढतो: नियमांतली ९० डेसिबलची मर्यादा आठ तासांसाठी आहे आणि ९५ डेसिबलला ती चार तासांवर येते. ओव्हरटाइम कामगारालाच हवा असतो, हा युक्तिवाद आपल्याला ऐकवला जाईल आणि तो खराही आहे, कारण घरभाडे आणि मुलांची फी ओटीवर चालते. म्हणून तो एका फटक्यात बंद करू नये. कोणत्या बारा-पंधरा माणसांवर सारा ओव्हरटाइम एकवटला आहे ते पाहावे आणि त्यांत रक्तदाबाच्या नोंदवहीतली माणसे असतील, तर त्यांच्यापासून तो कमी करावा. अर्थात ही जुळवाजुळव डॉक्टरांनी करावी, एचआरने नव्हे.

दवाखान्याच्या दैनंदिन रजिस्टरकडे कोणी पाहत नाही, आणि माझ्या कामात तेच सर्वांत उपयोगी कागदपत्र ठरले आहे. गेल्या सहा महिन्यांतल्या नोंदी विभाग, पाळी आणि तक्रार अशा तीन रकान्यांत मांडा. डोकेदुखी, ॲसिडिटी, कंबरदुखी, खांदा, बोट चिमटणे अशा दहा-बारा तक्रारींतच बहुतेक पाने भरलेली असतात, पण त्या सारख्या पसरलेल्या नसतात. एका कारखान्यात वेदनाशामक गोळ्यांपैकी बऱ्याचशा पॅकिंगच्या एकाच टेबलावर जात होत्या. जाऊन पाहिले, तर भागांची पेटी जमिनीवर ठेवलेली होती आणि तिथला माणूस प्रत्येक भागासाठी कमरेत वाकून उठत होता. पेटी रिकामी होत जाई तसतसे वाकणे वाढे. पेटीखाली कमरेइतक्या उंचीचा लोखंडी स्टँड आला आणि त्या टेबलावरून दवाखान्यात येणारी रांग ओसरली. याला फॅब्रिकेटरचे एका दुपारचे काम लागले. एर्गोनॉमिक्सचे सादरीकरण, पाठीच्या व्यायामाचे भित्तिपत्रक आणि स्ट्रेचिंगची पाच मिनिटे यांना माझा विरोध नाही, पण वाकायला लावणारी पेटी तशीच ठेवून वाकलेल्या माणसाला व्यायाम शिकवणे मला पटत नाही.

कॅन्टीनचा हिशेबही असाच कागदावरून करता येतो. आहारतज्ज्ञांचे व्याख्यान ठेवण्याआधी भांडारातून महिन्याला किती मीठ आणि किती तेल उचलले जाते ते पाहा आणि त्याला ताटांच्या संख्येने भागा. समजा रोज ३०० ताटे आणि महिन्याचे २६ दिवस, म्हणजे ७,८०० ताटे. मीठ ४० किलो लागत असेल तर एका ताटामागे पाच ग्रॅमहून थोडे अधिक पडते. जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढ माणसाला पूर्ण दिवसासाठी सुचवलेली मर्यादा पाच ग्रॅमच्या आत आहे, आणि इथे ती एका जेवणातच संपते. लोणचे आणि पापड यांतले मीठ त्यात धरलेलेच नाही. ठेकेदाराला एकदम निम्मे करायला सांगाल, तर ‘भाजीला चव नाही’ म्हणून ताटे परत येतील आणि कार्यक्रमाची बदनामी होईल. दर महिन्याला थोडेथोडे उतरवा, कोणालाही जाहीर करू नका. जिभेला ते कळत नाही. तळलेला पदार्थ रोजच्याऐवजी आठवड्यातून दोनदा, उन्हाळ्यात फोर्जिंग किंवा हीट ट्रीटमेंटच्या बाजूला काम करणाऱ्यांना ताक किंवा लिंबूपाणी, आणि रात्रपाळीला दुसऱ्या पाळीचे उरलेले गरम करून न देता ताजे व हलके काहीतरी, एवढे ठेकेदाराच्या करारात लिहून घ्या. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या व्यावसायिक सुरक्षा संहितेत कॅन्टीनसाठीची मर्यादा शंभर कामगारांवर आली आहे आणि त्यात कंत्राटी कामगारही मोजले जातात; जुन्या कायद्यात ती अडीचशेच्या वर होती. कंत्राटी कामगारांना वेगळ्या दराने किंवा वेगळ्या खिडकीतून जेवण देण्याची पद्धत आपल्याकडे असेल, तर ती आरोग्य कार्यक्रमाच्या आधी मोडा.

तंबाखूबद्दल थोडक्यात. महाराष्ट्रात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे, तरी खिशात पुडी असतेच. प्रवेशद्वारावरची झडती आणि दंड यांनी ती बुटात जाते. रात्रपाळीत माणूस तंबाखू भूक मारण्यासाठी आणि जागे राहण्यासाठी लावतो, म्हणून रात्री दोनचा चहा-नाश्ता वेळेवर देणे हाच मला पहिला उपाय वाटतो. तपासणीत प्रत्येकाचे तोंड उघडून पाहावे. स्वतःची तीन बोटे उभी करून तोंडात घालता येत नसतील, तर त्या कामगाराला दंतवैद्याकडे पाठवलेच पाहिजे.

तिसरा प्रश्न भीतीचा, आणि ही भीती रास्त आहे हे आधी मान्य करावे लागेल. कंत्राटी कामगाराला ठाऊक असते की ‘अनफिट’ असा शेरा आला, तर ठेकेदार उद्यापासून येऊ नको म्हणेल. म्हणून तो तपासणीच्या सकाळी मित्राची रक्तदाबाची गोळी घेऊन येतो, लघवीचा नमुना दुसऱ्याचा देतो किंवा त्या दिवशी सुटीच घेतो. त्यातच अनेक ठिकाणी सर्वांचे अहवाल एका एक्सेलमध्ये भरून ती फाइल व्हॉट्सॲपवर विभागप्रमुखांना पाठवली जाते, आणि संध्याकाळपर्यंत कोणाला काय आहे ते चहाच्या टपरीवर पोहोचते. माझी पद्धत अशी आहे: एचआरला फक्त तीनपैकी एक शेरा मिळतो, कामास योग्य, अमुक अटींसह योग्य, किंवा अमुक तारखेपर्यंत तात्पुरता अयोग्य. निदान, आकडे आणि औषधे डॉक्टरांकडेच राहतात. व्यवस्थापनाला गटवार आकडे मिळतात, पण दहापेक्षा लहान गटाचे आकडे मी देत नाही, कारण चार जणांच्या टूल रूममध्ये ‘एकाला मधुमेह’ म्हटले की नाव सांगितल्यासारखेच होते. याबरोबर संचालकांच्या सहीचे मराठी आणि हिंदीतले पत्र सूचनाफलकावर लावा, की रक्तदाब, मधुमेह किंवा श्रवणचाचणीच्या निकालावरून कोणाचेही, कंत्राटी कामगाराचेसुद्धा, काम जाणार नाही. आणि तेच वाक्य ठेकेदाराच्या करारात घाला. पत्राने विश्वास बसत नाही, हेही खरे. ‘अटींसह योग्य’ असा शेरा मिळालेला पहिला कंत्राटी कामगार उंचीवरच्या कामावरून खाली आला आणि त्याच पगारावर टिकला, की बाकीचे आपोआप येऊ लागतात.

मानसिक आरोग्याबद्दल आपण विचारलेले नाही, पण प्रस्तावातल्या वेबिनारांत तो विषय असणारच. ब्रिटनमधील २३३ संस्थांतल्या छेचाळीस हजारांहून अधिक कर्मचाऱ्यांच्या माहितीवर ऑक्सफर्डमध्ये झालेल्या आणि २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, ताण हाताळण्याचे प्रशिक्षण किंवा ध्यानाची ॲप वापरणारे कर्मचारी न वापरणाऱ्यांपेक्षा बऱ्या स्थितीत आढळले नाहीत. त्याच देशातल्या सरकारी कर्मचाऱ्यांवर १९६७ पासून झालेल्या प्रसिद्ध व्हाइटहॉल अभ्यासाने दाखवले होते की हृदयविकाराने मृत्यू वरच्या साहेबांपेक्षा खालच्या श्रेणीत अधिक होतात. पुढच्या संशोधनात स्वतःच्या कामावर ताबा नसणे हे त्यामागचे एक कारण म्हणून पुढे आले. आपल्याकडे त्याचा अर्थ असा: रजा मंजूर होईल की नाही हे चार दिवस आधी कळणे, पाळी आदल्या रात्री न बदलणे आणि सुपरवायझरने सर्वांसमोर शिवी न देणे. सुपरवायझरांच्या प्रशिक्षणावर खर्च करा. ज्याला प्रत्यक्ष मदत हवी आहे, त्याच्यासाठी सरकारची टेलिमानस सेवा १४४१६ या क्रमांकावर मोफत आहे आणि तिथे मराठीत बोलता येते. हा क्रमांक स्वच्छतागृहाच्या दाराच्या आतल्या बाजूला लावा, जिथे तो कोणी पाहत नसताना टिपून घेता येईल.

इथवरचे सारे एकाच वर्षात होणार नाही. माझा क्रम विचाराल, तर पहिल्या तिमाहीत रजिस्टर, ओव्हरटाइम आणि कॅन्टीन यांचे कागद वाचणे, रिलिव्हर देणे आणि गोपनीयतेचे पत्र; दुसऱ्या तिमाहीत नीट घेतलेली तपासणी आणि नोंदवही; त्यानंतर उरलेल्या वर्षात दरमहा पाठपुरावा आणि प्रत्येक विभागात कामाची एक तरी दुरुस्ती.

राहिला संचालकांना फायदा दाखवण्याचा प्रश्न. इथे एका सापळ्यापासून सावध राहा. यंदा ज्या चाळीस जणांचा दाब सर्वांत जास्त निघाला, त्यांचाच सहा महिन्यांनी मोजला तर काहीही न करता सरासरी थोडी खाली येईल, कारण त्यांतल्या काहींचा दाब त्या दिवशीपुरताच चढलेला होता. ‘आमच्या कार्यक्रमाने रक्तदाब कमी झाला’ असे दाखवणारे बरेच आलेख याच कारणाने सुंदर दिसतात. तसेच ‘एक रुपया गुंतवा, तीन वाचवा’ असले वचन संचालकांना देऊ नका. आपल्या आकाराच्या कारखान्यात एका वर्षात ते ना सिद्ध करता येते, ना खोडून काढता येते. त्याऐवजी आधीच ठरवून चार आकडे द्या: दोन वेगवेगळ्या दिवशी मोजून पक्के ठरलेल्या रक्तदाबाच्या रुग्णांपैकी बारा महिन्यांनी कितींचा दाब १४०/९० च्या आत आहे, मासिक भेटींपैकी किती प्रत्यक्ष झाल्या, आठवड्याला साठ तासांहून अधिक काम करणारी माणसे किती उरली, आणि कंबर-खांद्याच्या तक्रारी विभागवार किती आल्या. चौथा आकडा पहिल्या सहा महिन्यांत वाढेल, कारण लोक तक्रार सांगू लागतील; हे संचालकांना आधीच लेखी कळवून ठेवा, नाहीतर तो वाढलेला पाहून कार्यक्रम गुंडाळला जाईल.

विक्रेत्याला सरळ नकार देण्याची गरज नाही. कार्यालयीन कर्मचाऱ्यांपुरता सहा महिन्यांचा करार करा, आणि सही करण्यापूर्वी विचारा की माहिती कुठे साठवली जाते, नोकरी सोडणाऱ्याची माहिती पुसली जाते का आणि व्यवस्थापनाला एकेकट्या व्यक्तीचे आकडे दिसतात का. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यानंतर ही चौकशी नुसती सौजन्याची राहिलेली नाही. वाचलेल्या रकमेतून रात्रपाळीला प्रशिक्षित परिचारिका ठेवता येते का ते पाहा. आपल्या प्रश्नात डॉक्टर दिवसपाळीलाच असतात असे म्हटले आहे, आणि चाकणमधल्या माझ्या अनुभवात बोट प्रेसखाली येते किंवा छातीत दुखू लागते ते बऱ्याचदा रात्री, दवाखान्याला कुलूप असताना.